समिती बसवावी लागली

ऐन हंगामात, खळ्यावर काजू बी वाळत घातली होती तेव्हाची गोष्ट. मी बायकांबरोबर बी पालथी करत उभी होते. हिशेब बघणाऱ्या बाई ऑफिसातून बाहेर आल्या आणि उन्हात माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. त्या कधी उन्हात येत नाहीत.

"ताय, वायच आत येशात?" त्या म्हणाल्या.

आत गेल्यावर त्यांनी दार लावून घेतलं. "आपली समिती बसवची लागतली."

कुठली समिती, हे क्षणभर माझ्या लक्षातच आलं नाही. मग भिंतीवरच्या फलकाकडे नजर गेली. आमचा काजूचा छोटा कारखाना दोडामार्गच्या बाजूला आहे. बी वाफवायची, फोडायची, गर सुकवून सोलायचा, प्रतवारी करून डबे भरायचे. पंचवीस-तीस बायका, मोजके पुरुष. त्याच्या आदल्या वर्षी बाहेरगावच्या एका मोठ्या गिऱ्हाइकानं माल घेण्याआधी बरीच चौकशी केली होती, आणि त्यात एक प्रश्न असा होता की बायकांच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकायला अंतर्गत समिती आहे का. दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असली की ती ठेवावीच लागते. आम्ही ती रीतसर केली. हिशेबाच्या बाई अध्यक्ष, फोडणीकडची, म्हणजे बी फोडणारी, एक बाई, बॉयलरवरचा माणूस, आणि बाहेरची सदस्य म्हणून कुडाळच्या एक वकीलबाई. त्या दिवशी बायका हसल्या होत्या. "आता आमी पंच झालव गे!" असं म्हणत चहा प्यायल्या होत्या.

"कोणाविरुद्ध?" मी विचारलं.

बाईंनी आवाज अजून खाली आणला. "दादांच्या."

मी खुर्चीत बसले.

दादा म्हणजे आमचे मॅनेजर. रक्ताचं नातं काही नाही, पण मी लहानपणापासून त्यांना दादाच म्हणते. ते तरुणपणी गोव्यातल्या एका कारखान्यात होते, तिथून बाबांनी त्यांना आणलं. कुठल्या बागेतली बी किती वाफ मागते हे ते ती हातात घेऊन सांगत. बाबा गेले तेव्हा मी बाळंतपणाहून नुकती उठले होते. तो हंगाम दादांनी एकट्यानं काढला. बाबांना खांदा दिलेल्या चौघांत ते होते. माझी आई त्यांना आपला थोरला मुलगा समजते.

तक्रार करणारी बाई आमच्याकडे सोलणीला होती. लग्न होऊन आतल्या, दूरच्या गावात आलेली, कमी बोलणारी. तिचं नाव मी इथे घालणार नाही. तेव्हाही कुणाला सांगितलं नव्हतं, आणि कायदाही ते सांगू देत नाही. काय घडलं तेही थोडक्यातच लिहिते. पॅकिंगच्या खोलीत एकटी गाठून अंगाला हात लावणं, घाणेरडं बोलणं, तिनं 'नको' म्हटल्यावर हजेरी कापण्याची भाषा. एकदाच नव्हे. तिला लिहिता येत होतं. तिनं दोन पानं स्वतःच्या हातानं लिहून हिशेबाच्या बाईंना दिली होती.

माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की हे खरं नसावं. तिच्यावर विश्वास ठेवायचा नव्हता असं नाही. दादांच्या आधारावरच माझं अर्धं आयुष्य उभं होतं, म्हणून. पण मी कारखान्याची मालक होते, आणि मला काय वाटतं याचा त्या दोन पानांशी काही संबंध नव्हता. एवढं मला तिथंच, त्या खुर्चीत बसल्या बसल्या, स्वच्छ कळलं. मी वकीलबाईंना फोन लावला.

"समितीनं चौकशी करायची. तुम्ही त्यात पडायचं नाही," त्या म्हणाल्या. "तुमचं काम एवढंच, की चौकशी नीट होईल अशी परिस्थिती ठेवायची. तिच्यावर कुणाचा दाब येता कामा नये, आणि त्यांनाही आपली बाजू मांडायची पूर्ण संधी मिळाली पाहिजे."

संध्याकाळी बायका घरी गेल्यावर मी दादांना ऑफिसात बोलावलं. तक्रारीची प्रत त्यांना समितीकडून मिळणारच होती, पण चौकशी होईपर्यंत त्यांनी रजेवर राहायचं, हे मला स्वतः सांगायचं होतं.

ऐकून ते आधी हसले. मग हसू गेलं.

"बाय, तू माका वळाखतंस मां?"

"वळाखतंय, दादा."

"मगे? तिका कोणीतरी शिकवल्यान आसा. तू बोलवन तिका विचार. माझ्यासमोर विचार."

"मी विचारूचंय नाय. समिती तिचाय ऐकतली, तुमचाय ऐकतली. तवसर तुमी रजेर रवा. पगार चालू रवतलो."

खिडकीतून बॉयलरची चिमणी दिसत होती, तिकडे त्यांनी हात केला. "आणि ह्या वाफेचा कोण बघतलो? माल जावचो आसा पुढच्या आठवड्यात."

"मी बघतलंय."

"तुका जमूचा नाय."

"नाय जमला तर गराचो तुकडो पडतलो. तुकडोय विकता."

ते उठले. बॉयलरकडे एक नजर टाकून निघून गेले.

घरी आईला बातमी माझ्याआधी पोचली होती. तिनं मला ताट वाढलं, पण समोर बसली नाही.

"तुझे बाबा गेले तेव्हा ह्या घरात कोण उभो रवलो? तो. आणि तू तेका घराक बसवलंस."

"आई, मी तेंका गुन्हेगार म्हणूक नाय. रजेर पाठवलंय."

"लोकांक दोनय सारख्याच."

तिचं बरोबर होतं. लोकांना दोन्ही सारखंच वाटणार होतं, आणि तरीही दुसरा मार्ग नव्हता. रोज सकाळी जो हजेरी घेतो त्याच्याच विरुद्ध एखादी बाई साक्ष द्यायला उभी कशी राहील?

दोनेक दिवसांनी माझे चुलत काका आले. बरोबर गावातले आणखी दोघे, देवळाच्या कामात दादांबरोबर असणारे. मी चहा केला. काकांनी चहा घेतला, कपाळ पुसलं आणि सरळ विषयाला हात घातला.

"घरातली गोष्ट घरात मिटवची. तिका दुसरीकडे खंयतरी लावन दी. तिचाय काम जावचा नाय आणि ह्येचीय अब्रू ऱ्हवतली."

"काका, ती खंय जावची? काम ती हंय करता."

"मगे थोडे दिवस रजेर पाठव."

"रजा तिना मागल्यान तर मिळतली. तिना मागूक नाय."

दुसरे गृहस्थ म्हणाले, "दोघांक समोरासमोर बसवया. देवाक गाऱ्हाणा घालया. माणसां शपथेर खरा बोलतत."

"ती तक्रार तिची आसा," मी म्हटलं. "समेट करूचो की नाय, तां तीच समितीक सांगतली. मी सांगूचंय नाय, आणि तुमीय सांगूचा नाय."

काकांचा चेहरा उतरला. "आता आमका कायदो शिकवतंस?"

"शिकवणंय नाय, काका. तो माका लागू आसा, म्हणान पाळतंय."

ते उठून गेले. काका माझ्या लग्नात मामाच्या जागी उभे राहिले होते. मी अंगणापर्यंत त्यांना पोचवायला गेले, तर त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

बाहेरचा दाब माझ्यावर येत होता तसा तिच्यावरही येत होता. एका सकाळी तिची सासू कारखान्यात आली. खळ्याच्या कडेला, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाली, "ताय, आमका ही तक्रार नको. माझो झील, हिचो नवरो, रोज गोव्याक कामाक जाता, एसटीत पोरां तेका काय काय ऐकवतत. तुमी ती फाडून टाका."

सून तिच्या मागेच उभी होती. डोक्याला फडकं बांधलेलं, हातात सोलणीची सुरी. मला वाटलं, आता ही मान हलवेल आणि सगळं संपेल. खरं सांगायचं तर ते संपावं असं मनाच्या एका कोपऱ्यात मलाही वाटत होतं.

ती पुढे आली. "आई, तुमी घराक जावा. मी सांजेक येतंय."

"अगो, पण घोवाचो तरी विचार कर!"

"तेका विचारूनच लिवलंय मी." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ताय, माका काम होया. ह्या काम माका येता. मी रजा कित्याक घेव? मी काय केलंय?"

सासू पदर सावरत निघून गेली. सून आत जाऊन आपल्या जागेवर बसली. तिच्या बाजूच्या दोन जागा रिकाम्या होत्या. रोज तिथे बसणाऱ्या बायका त्या दिवशी पलीकडच्या रांगेत जाऊन बसल्या होत्या.

ते बघितल्यावर मी बॉयलर बंद करायला सांगितला आणि सगळ्यांना शेडमध्ये एकत्र बोलावलं. मला भाषण करता येत नाही. हातातलं फडकं पिळत पिळतच मी बोलले.

"तक्रार केल्यान म्हणान हंय कोणाचा काम जावचा नाय. आणि ज्येच्यावर केली तेचा नावय कोणी एसटीत, पाणवठ्यार, देवळात घेवचा नाय. काय खरा, काय खोटा, तां समिती बघतली. तवसर जी जंय बसत होती ती थंयच बसतली. कोणाक हां जमना नसात तर माका येवन सांगा."

बायका आपापल्या जागी गेल्या. दोघी मात्र दुसऱ्या दिवसापासून आल्याच नाहीत. दादांच्या वाडीतल्या होत्या. मी त्यांना निरोप पाठवला, जागा तुमची आहे, कधीही या. एक हंगाम संपता संपता परत आली, दुसरी आली नाही.

वाफेचं काम मी घेतलं खरं, पण पहिले दिवस फार वाईट गेले. बॉयलर चालवणारा परवानाधारक माणूस होता, त्याची काळजी नव्हती. पण बी किती वेळ वाफेत ठेवायची हे दर गोणीगणिक बदलतं. कमी झाली तर टरफल सुटत नाही, जास्त झाली तर गर पिवळा पडतो आणि फोडताना मोडतो. पहिल्या दोन घाण्यांत अख्खा गर इतका कमी निघाला की फोडणाऱ्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. गिऱ्हाइकाला मी स्वतः फोन केला, माल उशिरा येईल आणि अख्खा कमी असेल म्हणून सांगितलं. त्यानं कारण विचारलं. "अंतर्गत काम आहे," एवढंच मी बोलले. तो चिडला, पण थांबला.

मग आम्ही दर नव्या गोणीतली मूठभर बी आधी वाफवून बघायला लागलो. फोडणीच्या बायका ती फोडून सांगायच्या, अजून थोडी, नाहीतर पुरे. हळूहळू हाताला अंदाज आला. दादांच्या हाताइतका नाही, पण माल जाण्याइतका.

चौकशी ऑफिसातच झाली. वकीलबाई कुडाळहून सकाळच्या गाडीनं आल्या. उंच, पांढरे केस कापलेले, पायांत कापडी बूट. वकिली सोडून बरीच वर्षं झाली होती त्यांना. समितीतला बॉयलरवरचा माणूस दादांचा शिष्य, त्यामुळे तो अस्वस्थ होता. त्यांनी त्याला आधीच विचारलं, "तुम्हाला निष्पक्ष राहायला जमेल का? जमत नसेल तर आत्ता सांगा, काही वाईट वाटणार नाही कुणाला." त्यानं विचार केला आणि "जमतला," म्हणाला.

दादा आले ते पांढऱ्या शर्टात, चंदनाचा टिळा लावून. त्यांनी आपले साक्षीदार दिले, तिनं तिचे दिले. एकमेकांना विचारायचे प्रश्न समितीमार्फत विचारले गेले. दोघांना समोरासमोर बसवलं नाही. हे मला नंतर वकीलबाईंनी सांगितलं. मी बाहेर होते. खरं तर एकदा मी दाराशी गेले होते. मला आत जाऊन दादांबद्दल चार चांगले शब्द सांगायचे होते. बाबांच्या वेळचं, त्या हंगामाचं, मी पाहिलेलं. वकीलबाईंनी दार अर्धं उघडलं, माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही मालक आहात, साक्षीदार नाही. बाहेर थांबा."

मी बाहेर थांबले.

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना विचारलं, "सिद्ध झालं नाही तर ती खोटी ठरेल?"

"नाही. सिद्ध न होणं आणि खोटं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत," त्या म्हणाल्या. "तसं झालं तर दोघंही कामावर राहतील. आणि त्या दोघांना एका छपराखाली नीट ठेवणं हे तुमचं काम असेल. ते याहून कठीण."

दुपारी फोडणीतल्या सर्वांत जुन्या बाईंना आत बोलावलं. बाबांच्या काळापासून त्या आहेत. त्यांना दादांनी साक्षीला दिलं होतं आणि त्या दादांच्या बाजूनंच बोलणार असं सगळे धरून चालले होते. त्या बराच वेळ आत होत्या. बाहेर आल्या, नळावर हात धुतले, टरफलाचा चीक लागू नये म्हणून हातांना तेल लावलं आणि कातरीसमोर बसून पुन्हा बी फोडायला लागल्या. दादा व्हरांड्यात बसले होते. त्यांनी बाईंकडे बघितलं, पण बाईंनी मान वर केली नाही.

अहवाल आला तेव्हा हंगाम सरत आला होता. आरोप सिद्ध झाले होते. ती एकटी नव्हती, असंही त्यात होतं. समितीनं दादांना कामावरून कमी करण्याची शिफारस केली होती. कारण स्पष्ट लिहिलं होतं. बायकांची हजेरी, काम आणि सुट्टी ज्याच्या हातात, त्यानं ती ताकद अशी वापरली.

मी तो अहवाल दोनदा वाचला. पळवाट सुचली नाही असं नाही. लेखी माफी घ्यावी, दुसऱ्या शेडमध्ये ठेवावं, वाफेपुरतं बोलवावं. या सगळ्यातून मी जाऊन आले. मग सोलणीच्या शेडमध्ये गेले आणि रांगेत बसलेल्या बायका बघितल्या. त्यांच्यातल्या कुणी काय सोसलं होतं हे मला माहीत नव्हतं. पुढेही मला ते कळेल अशी व्यवस्था नव्हती. मी ऑफिसात परतले आणि दादांना निरोप पाठवला.

त्यांनी अहवालाची प्रत घडी करून खिशात ठेवली होती.

"इतकी वर्सां मी हसान-खेळान काम करून घेतलंय," ते म्हणाले. "बायकाय हसत. आता एकदम गुन्हो झालो?"

"हसान नाय तर काय करतल्यो, दादा? हजेरी तुमच्या हातात."

माझ्या बोलण्यातला अर्थ त्यांना कळला की नाही हे मला आजही माहीत नाही.

"तुझ्या बापसान असा केल्यान नसता."

"नसता केल्यान. मी करतंय."

मी पत्र त्यांच्यापुढे ठेवलं, अपील कुठे करता येतं तेही सांगितलं. त्यांच्या हक्काचं सगळं रीतसर मिळेल हे सांगितलं. त्यांनी सही केली. जाताना बाबांच्या फोटोसमोर ते उभे राहिले, हात जोडले आणि गेले. ते गेल्यावर मी रडले. हे लिहायला मला लाज वाटत नाही. माणूस गमावल्याचं रडू होतं ते. निर्णय चुकला म्हणून आलेलं नव्हे.

अपील त्यांनी केलं नाही. आम्ही पॅकिंगच्या खोलीची भिंत पाडून तिथे जाळी बसवली. हजेरीसाठी अंगठ्याचं यंत्र आणलं. समितीच्या बायकांना वकीलबाईंनी दोन दिवस शिकवलं, आणि यावेळी कुणी हसलं नाही.

ती अजून आमच्याकडे आहे. तिची सासू माझ्याशी बोलत नाही, तिच्याशी बोलते. माझ्या आईनं हा विषय पुन्हा काढला नाही. चतुर्थीला दादा नेहमीसारखे आईला भेटायला आले, गणपतीवरच्या माटवीला बांधायला कवंडळाची रानफळं आणि सुपारीचा घड घेऊन. मी त्यांना चहा दिला. आम्ही दोघं बोललो नाही. आईनं त्यांना जेववूनच पाठवलं. तिच्या घरात तिनं कुणाला जेवू घालावं हा तिचा प्रश्न, असं मी ठरवलं आहे.

पुढच्या हंगामाच्या तोंडावर दुसऱ्या तालुक्यातल्या एका कारखानदाराचा फोन आला. ओळख फक्त बाजारातली. दादा त्यांच्याकडे कामासाठी गेले होते.

"माणूस कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"वाफेचं काम तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं जाणतात."

"मग सोडलं का?"

"ते मला सांगता येणार नाही."

"तुम्ही परत ठेवाल?"

"नाही."

मी विचारलं, "तुमच्याकडे बायका किती आहेत?"

"आहेत चाळीसेक."

"समिती आहे?"

"आहे की. फलक लावलाय."

"मग तिला एकदा खरंच बसवा. आणि हजेरी एकाच माणसाच्या हातात ठेवू नका. समितीवर बाहेरची सदस्य हवी असेल तर एक चांगल्या वकीलबाई माझ्या माहितीत आहेत."

त्यांनी नंबर लिहून घेतला. दादांना ठेवलं का, हे मी कधी विचारलं नाही. पण पंधरवड्यानं वकीलबाईंचा फोन आला, त्या भागातून त्यांना कुणीतरी बोलावलं होतं आणि तिथे जायला सकाळची गाडी कुठली ते त्या मला विचारत होत्या. मी गाडी सांगितली आणि खळ्यावर गेले. त्या वर्षीची पहिली बी उतरत होती.